योगवर्गातलं गाऱ्हाणं

सोमवार, २ डिसेंबर

मनिषा शेट्येच्या योगवर्गात आज नाव घातलं. का घातलं ते इथे लिहून ठेवते, म्हणजे चार दिवस घाम गाळल्यावर माझं मलाच विसरायला नको. मला तो वर्ग बंद पाडायचा आहे.

गेल्या वर्षी आमच्या ऋतिकाचं दापोलीच्या स्थळाशी ठरल्यात जमा होतं. मुलगा नोकरीला, घरची हापूसची कलमं, माणसं शांत. साखरपुड्याचा दिवस धरायचा तेवढा राहिला होता. मुलाच्या आईने परस्पर चौकशी केली ती नेमकी आमच्या समोरच्या घरात, मनिषाकडे. आणि मनिषाने सांगितलं, "मुलगी अगदी आईच्या वळणावर गेलीय." झालं. आठवड्याभरात निरोप आला की पत्रिका जुळत नाही. पत्रिका तर त्यांनीच आधी जुळवून घेतली होती! वळणाचं ते वाक्य मला मध्यस्थ बाईंनी कानाशी येऊन सांगितलं.

आईच्या वळणावर म्हणजे काय? काय वाईट आहे माझ्या वळणात? उभी नोकरी एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून केली. गुहागर म्हणू नका, देवरूख म्हणू नका, रत्नागिरी स्टँडवरून गाड्या सुटल्या त्या माझ्या आवाजावर. माईकवर मी बोलले की फलाटावरची चिल्लीपिल्लीसुद्धा गप्प व्हायची. आणि ही बाई, जिच्याबरोबर शाळेपासून डबा खाल्ला, ती माझ्या लेकीचं लग्न माझ्याच नावाने मोडते!

ऋतिका त्यानंतर पुण्याला नोकरीला गेली. गणपतीत आली ती पाहुण्यासारखी आली आणि गेली. फोन केला की "हो, बरं, ठेवते." माझी मुलगी माझ्यापासून तोडली ती मनिषाने, आणि तिला याची किंमत मोजायला लावल्याशिवाय मी स्वस्थ बसणार नाही.

ह्यांना म्हटलं, योगाला जाते. हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "बरं होईल. खांदाही सुटेल." उजवा हात वर जात नाही हे खरं आहे. पण मी खांद्यासाठी जात नाहीये.

मंगळवार, ३ डिसेंबर

वर्ग संध्याकाळी, समाजमंदिराच्या हॉलात. मला दारात बघून मनिषा दचकेल अशी आशा होती. तर म्हणते, "या सीताताई, पुढे बसा." सीताताई! आयुष्यभर मला सीते म्हणत आली. मी मुद्दाम मागे बसले.

बाजूला जनी. मिरकरवाड्याला मासळी विकते. कमरेतून वाकली की तळवे थेट जमिनीला, कारण दिवसभर टोपलीपुढे वाकूनच बसते. पलीकडे हेतल, बाजारपेठेतल्या कापडदुकानाची. आणि खुर्चीवर बसून आसनं करणारी भागूबाई, गुरवांच्या घरातली, वर्गात सर्वांत म्हातारी. स्वतः फक्त मान हलवते आणि बाकीच्यांच्या चुका काढते.

ताडासन. दोन्ही हात वर. डावा गेला, उजवा खांद्याच्या रेषेत अडकला तो अडकलाच. मनिषा म्हणाली, "जेवढा जातो तेवढाच. ओढू नका." सगळ्यांच्या देखत! मी दात आवळून ओढला आणि डोळ्यांत पाणी आलं. शत्रूच्या गोटात शिरायचं तर एवढं सोसावं लागणारच.

सोमवार, ९ डिसेंबर

सुरुंग लावायला सुरुवात केली. हेतलला गाठून म्हटलं, "ही मनिषा शिकली तरी कुठे, विचारलंस का कधी?" हेतल म्हणाली, "माहीत आहे ना! शिबिराला आम्ही दोघी बरोबरच होतो. ती पहिली आली, मी नापास झाली." हा सुरुंग फुसका निघाला.

मग जनीला म्हटलं, "अगो, कशाला एवढी पायपीट? मोबाइलवर सगळी आसनं असतात. घरच्या घरी कर." जनीला पटलंसं वाटलं. एक बाई फुटली की बाकीच्या फुटतात.

बुधवार, ११ डिसेंबर

जनी परत आली.

"घरी केलंय गो," म्हणाली. "वाकलंय तर नातू पाठीवर बसला. शवासनात उताणी झालंय तर झोप लागली. सून आली नि बोंबलली, सासू गेली म्हणून! शेजारची माणसां गोळा झाली. नको रे बाबा. हितंच बरा हाय, सगळीच मेलेली असतात."

हॉलभर हशा. मनिषा तर हसता हसता खाली बसली. मीही हसले, पण ते तोंडदेखलं.

रविवार, १५ डिसेंबर

आज सुट्टी म्हणून घरीच ताडासन करून बघितलं. वर्गात उजवा हात आता कानाच्या बराच जवळ जातो, घरी मात्र गेल्या आठवड्याएवढाही गेला नाही. कारण उघड आहे. वर्गात समोर मनिषाचा हात सरळ वर गेलेला दिसतो, आणि बाजूला जनीचा, आणि मग माझा खाली राहणं शक्यच नाही. रागाने जातो. घरी समोर फक्त फ्रीज.

शुक्रवार, २० डिसेंबर

भ्रामरी मला बंद करायची आहे. सगळ्यांनी डोळे मिटून कानात बोटं घालायची आणि भुंग्यासारखं गुणगुणायचं. सगळ्यांचा आवाज एक झाला की वरच्या पत्र्याला कंप सुटतो. माझा आवाज त्यात शोधला तर सापडला नाही. अख्ख्या स्टँडला पुरून उरणारा माझा आवाज! मला ते अजिबात आवडलं नाही. डोळ्यांतून पाणीही आलं. पत्र्यावरची धूळ असणार.

घरी येऊन लगेच झोप लागली, ती सकाळीच जाग आली. ऋतिका गेल्यापासून अशी झोप नव्हती. दमणूक, दुसरं काय.

शनिवार, ४ जानेवारी

सर्दी-ताप होता म्हणून वर्ग बुडला. कोणाला सांगितलं नव्हतं. तर आज संध्याकाळी पडवीत ही वरात! जनीने तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सार आणलं. भागूबाईने गवती चहाचा काढा आणला आणि तो मी पूर्ण पिईपर्यंत समोर बसून राहिली.

"काय गो, आलीस नाय ती?" जनी म्हणाली. "तुझी जागा मोकळी होती. माझा पाय लटपटला, धरायला कोण नाय."

म्हणजे वृक्षासनात ती माझा खांदा धरते हे तिने कबूल केलं. मी समजत होते की मीच तिचा धरते.

मनिषा फाटकाबाहेर उभी होती. आत आली नाही, येण्याची छातीच नाही. तिथूनच विचारलं, "आता बरं आहे ना? आणि ऋतिकाचा खोकला थांबला का?"

ऋतिकाला खोकला? मला माहीत नव्हता. फोन केला तर म्हणाली, "हो, होता. कोणी सांगितलं तुला?" बघा, कशी पाळत ठेवून आहे बाई! एक लग्न मोडून पोट भरलं नाही, अजून माझ्या पोरीच्या बातम्या काढते. ह्यांना म्हटलं, हिला कुठून कळलं असेल? हे चटकन उठले आणि कलमाला पाणी घालायला गेले. पाणी तर सकाळीच घातलं होतं.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. वर्गात तिळगूळ वाटला. मनिषाने माझ्या तळहातावर लाडू ठेवला आणि क्षणभर हात तसाच धरला. मी लाडू रुमालात बांधून घरी आणला. खाल्ला नाही. टाकलाही नाही, कारण तीळ आहेत.

गुरुवार, २३ जानेवारी

वर्गाच्या शेवटी मनिषा सगळ्यांकडून संस्कृत प्रार्थना म्हणून घेते. आज जनी अडली. "बाय, ह्या माज्या जिभेवर बसत नाय. देवाला आपल्या बोलीत सांगितलेला बरा कळता. गाऱ्हाणाच घाला ना!"

आता गाऱ्हाणं म्हणजे देवळात पुरुषांनी घालायचं. एकाने देवाकडे मागायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून गजर करायचा. भागूबाई म्हणाली, "हॉल म्हंजे काय देऊळ नाय. घाला चेष्टेत. पण आवाज पायजे." आणि सगळ्या माझ्याकडे वळल्या. मनिषाही.

मग मी उठले. एवढ्या वर्षांची सवय आहे.

"बा देवा म्हाराजा! आज तुज्या लेकींनी जी काय सेवा केली हाय, ती मान्य करून घे!"

"व्हय म्हाराजा!"

"हेतलच्या कमरेतली उसण काढून घे, नि ती कुनाला देव नको!"

"व्हय म्हाराजा!"

हसून हसून पोटं दुखली. पण भागूबाईने नंतर मला बाजूला घेतलं. तिच्या सासऱ्याने जन्मभर गाऱ्हाणी घातलेली, तिला त्यातलं कळतं. म्हणाली, "गाऱ्हाण्यात नाव घेवचा नसता. कोण ता देवाला ठाव असता. आनि चेष्टेत पन वंगाळ मागू नको. ज्या तोंडान मागितला त्याच तोंडान, त्याच मानसांपुढं परत घेवचा लागता. एकटीचा तो ऐकत नाय. व्हय म्हननारी पायजेत."

मी हो हो म्हटलं.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

रोज गाऱ्हाणं मीच घालते. आज मुद्दाम एक गंमत केली. "बा देवा, आज सगळ्यांना नितेशच्या टपरीवरची भजी खावची बुद्धी दे!" सगळ्यांनी डोळे मिटून, "व्हय म्हाराजा!" मनिषानेसुद्धा, जी तळलेलं खाऊ नका म्हणून घसा कोरडा करत असते.

कोणी ऐकतच नाही. मी थांबले की सगळ्या व्हय म्हणतात.

हे लिहिताना हात थांबला. किती सोपं आहे!

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

शिमग्यात देवाची पालखी आमच्या वाडीत येऊन समाजमंदिरापुढच्या सहाणेवर, म्हणजे तिच्यासाठी बांधलेल्या चौथऱ्यावर, बसते. त्या संध्याकाळी वाडीचा कार्यक्रम असतो. यंदा त्यात आमचा वर्ग सामूहिक आसनं करून दाखवणार. मनिषा सगळ्यांपुढे म्हणाली, "माईक सीताताईंकडे. हा आवाज असताना दुसरा कशाला?"

स्वतःच्या हाताने मला माईक दिलान! देव आहे म्हणतात तो असा.

ठरलं. शेवटी गाऱ्हाणं होईल. सगळी वाडी समोर, पालखी समोर. मी मागेन की ज्या कोणी माझ्या लेकीचं लग्न मोडलं त्याचं असं असं होवो. नाव घ्यायचं नाही, नियमच आहे, आणि गरजही नाही. वाडीत कोणाला ठाऊक नाही? आणि सवयीप्रमाणे अख्खा वर्ग 'व्हय म्हाराजा' म्हणेल. मनिषासुद्धा! स्वतःच्या तोंडाने स्वतःच्या शापाला होकार देईल, आणि देऊन झाल्यावर तिच्या लक्षात येईल. तिचा तो चेहरा मला बघायचा आहे. त्यानंतर कुठली बाई तिच्या वर्गाला जाते ते बघू.

काय मागायचं तेही ठरवलं. तिचा अजिंक्य मुंबईला आहे, अजून लग्नाचा. म्हणजे 'त्याच्या दारात मांडव उभा राहू देव नको.' मांडवाला मांडव.

रविवार, २ मार्च

ऋतिकाचा फोन! आपणहून! शिमग्याला येतेय, चांगली चार दिवस. मी म्हटलं, आमचा कार्यक्रम आहे. म्हणाली, "माहीत आहे, म्हणूनच येतेय." तिला कोणी सांगितलं कोण जाणे, ह्यांनी असेल. मी ह्यांना चहाबरोबर दोन बिस्किटं जास्त दिली.

बरंच झालं. तिच्या देखत न्याय होईल. तिला कळेल तिची आई तिच्यासाठी काय करू शकते.

सोमवार, १० मार्च

तालीम. मी सांगते, त्या करतात. "श्वास घेत हात वर... श्वास सोडत कमरेतून उजवीकडे वळा..." सगळ्या एकदम वळतात. एकीचा तोल गेला की बाजूची सरकून तिला सावरते, न बघता. जनी म्हणते, होडीत बसलं की असंच असतं, एक हलला की दुसऱ्याने आपसूक दुसरीकडे झुकायचं. मनिषाने मला पुढे उभं राहून बघायला सांगितलं. फार छान दिसतं. मी नसते तर एवढं झालं नसतं.

मधेच मनात आलं की हा वर्ग मोडला तर जनी संध्याकाळी कुठे जाईल. मग दापोलीच्या बाईंचा निरोप आठवला आणि मन घट्ट केलं.

रविवार, १६ मार्च

झालं! जसं ठरवलं होतं तसं, आणि त्याहून भारी!

पालखी सहाणेवर, पुढे अख्खी वाडी, लाइटच्या माळा, मुंबईहून आलेली माणसं मोबाइल धरून. ऋतिका पहिल्या रांगेत ह्यांच्या बाजूला. आमच्या बायका एका रंगाचे दुपट्टे घेऊन ओळीत. मी माईक हातात घेतला आणि नुसतं "लक्ष द्या" म्हटलं तर पोरं खेळायची थांबली.

आसनं फार सुंदर झाली, तेवढं खरं लिहिलं पाहिजे. सगळ्यात शेवटी वृक्षासन. सगळ्या एका पायावर, हात जोडून वर. त्या तशा उभ्या असतानाच मी गाऱ्हाणं सुरू केलं. गुरव हसले, बायका काय धमाल करतायत बघा म्हणून.

"बा देवा म्हाराजा! आमी जी काय सेवा केली ती गोड मानून घे!" "व्हय म्हाराजा!"

"वाडीतल्या लेकरांना सुखी ठेव!" "व्हय म्हाराजा!" आता समोरचे लोकही म्हणायला लागले होते.

"आनि ज्या कोनी माज्या लेकीचा ठरलेला लगीन मोडलान..."

इथे मी थांबले नाही. एका दमात म्हणाले, "त्याच्या दारात जल्मात मांडव उभा राहू देव नको!"

"व्हय म्हाराजा!"

सगळे म्हणाले. जनी म्हणाली, हेतल म्हणाली, समोरची वाडी म्हणाली. आणि मी बघतेय मनिषाकडे. तिचा पाय धाडकन खाली आला. तिने डोळे उघडले आणि ती ओरडली,

"नाय म्हाराजा!"

गाऱ्हाण्यात नाय कोणी म्हणत नाही. मी तरी जन्मात ऐकलेलं नाही. ढोलवाले थिजले. भागूबाईने खुर्चीचा हात घट्ट धरला. मनिषा पालखीकडे तोंड करून हात जोडून परत म्हणाली, "नाय म्हाराजा, नाय. ह्या मानू नको." आणि रडायलाच लागली, सगळ्यांदेखत!

चोराला आपसूक कंठ फुटला. मला तिच्या होकाराने समाधान झालं असतं त्याच्या दसपट तिच्या नकाराने झालं. आता साऱ्या वाडीसमोर तिनेच कबूल केलं की लग्न तिने मोडलं. मी माईक ठेवला आणि ताठ मानेने घरी आले. हे आले ते थेट मागे कलमांकडे गेले. ऋतिका अजून आलेली नाही. खिडकीतून बघितलं तर ती मनिषाच्या पडवीत मनिषाला पाणी देत होती. स्वभावच मऊ तिचा. माझ्यावर गेली नाही.

सोमवार, १७ मार्च

कालचं पान फाडावंसं वाटतंय. फाडत नाही.

सकाळी ऋतिका मागच्या दारी पायरीवर येऊन बसली. मी नारळ खवत होते. म्हणाली, "आई, खोबरं बाजूला ठेव आणि मी सांगते ते पूर्ण होईपर्यंत बोलू नकोस. जमेल?"

मी म्हटलं, "मी कधी मधे बोलते?"

"आत्ता बोललीस."

मग तिने सांगितलं. लग्न तिने मोडलं. तिला तो मुलगा नको होता. वाईट नव्हता, नुसता नको होता. मला सांगायला ती किती वेळा स्वयंपाकघरात आली, आणि दर वेळी मी हॉल कुठला, केटरर कोण, पाहुणे कुठे उतरवायचे ते सांगत होते. "तू चौकशीच्या खिडकीवर बसायचीस ना आई, पण समोरच्याचा प्रश्न संपायच्या आत गाडी सांगून मोकळी व्हायचीस. घरीही तसंच." मग ती रडत समोर मनिषाकडे गेली. म्हणाली, काकू, त्या लोकांना माझ्याबद्दल काहीही वाईट सांगा, पण परत पाठवा.

"काकू म्हणाल्या, मी तुझ्याबद्दल खोटं सांगणार नाही. मग त्यांनी खरं तेच सांगितलं. मी तुझ्या वळणावर गेलेय म्हणून."

एवढं बोलून ऋतिका हसली. मला मेलीला हसू येईना. म्हणाली, "काकूंना मीच शपथ घातली होती, आईला सांगायचं नाही म्हणून. मला वाटलं होतं तू विसरशील. तू विसरतेस होय!"

आणि ह्यांना सगळं माहीत होतं! सव्वा वर्ष! म्हणे, "तिनेच तुला सांगावं असं वाटलं." कलमाला दोनदा पाणी घालणारा माणूस! ह्यांचं नंतर बघते.

कारण आता दुसरंच समोर आलंय. ज्या कोणी लग्न मोडलं त्याच्या दारात मांडव नको, असं मी पालखीसमोर मागितलं. नाव घेतलं नाही. कोण ते देवाला ठाऊक असतं. म्हणजे त्या देवाने कोणाचं दार धरलं असेल? माझंच. माझ्या पोरीला मी माझ्याच तोंडाने शापलं, आणि साऱ्या वाडीकडून व्हय म्हणवून घेतलं. नाय म्हणणारी एकच होती. ती तिच्या अजिंक्यसाठी नाही, माझ्या ऋतिकासाठी नाय म्हणत होती, आणि मी वर चोर म्हणून मजा बघत होते.

ऋतिका म्हणते, आई, असं काही नसतं गं. तिला लग्न करायचं आहे की नाही ते तिचं ती बघेल. पण नसतं म्हणून चालत नाही. मागितलं आहे ते आहेच.

धावत भागूबाईकडे गेले. ती माझ्याकडे न बघता तांदूळ निवडत बसली. शेवटी म्हणाली, "उद्या सांजच्याला पालखी पुढच्या वाडीत जाता. त्याच्या आदी काय ता कर. पन एकटी जाव नको. व्हय म्हननारी घेऊन जा."

कुठून आणू? आज वर्ग होता. खिडकीतून बघितलं तर सगळ्या समाजमंदिराकडे चालल्या होत्या. एकही बाई मला बोलवायला आली नाही. मी वर्ग मोडायला निघाले होते, तो मोडला नाही. मीच तेवढी बाहेर पडले.

मंगळवार, १८ मार्च

गेले. ऋतिका बरोबर आली, म्हणाली दारात उभी राहते.

वर्ग ताडासनात होता. मी आत शिरले आणि सगळ्यांचे हात खाली आले. जनीने माझ्याकडे पाठ केली. परवाचा व्हय तिच्याही तोंडून गेला होता, ते तिला लागलं असणार. माझी जागा मोकळीच ठेवली होती, तेवढं मात्र मी बघितलं.

मनिषाकडे न बघता म्हटलं, "सहाणेवर चला. मला गाऱ्हाणं घालायचं आहे. शेवटचं."

कोणी हललं नाही. भागूबाई खुर्चीवरून उठली, काठी घेतली, आणि चालायला लागली. मग एकेक करून सगळ्या निघाल्या.

पालखी उचलायची तयारी चालली होती. भागूबाईने गुरवांना जरा थांबा म्हणून खूण केली. मी पुढे उभी राहिले आणि माझा आवाज फुटेना. माझा! अख्ख्या स्टँडच्या कोलाहलावर चढणारा आवाज, आणि आता घशातून वाराच यायला लागला. मनिषा मागून हळूच म्हणाली, वर्गात म्हणते त्याच सुरात, "श्वास घ्या. सोडा." मला तिचा संताप आला, आणि त्या संतापानेच श्वास आत गेला.

"बा देवा म्हाराजा. परवा ह्या तोंडान जा काय वंगाळ मागितला, ता मी परत घेतंय."

कोणीच काही म्हणेना. जनी मनिषाकडे बघत होती, हेतलही. शाप जिच्यासाठी घातला होता तिने ठरवावं, असं सगळ्यांच्या मनात असावं. माझे जोडलेले हात वर तसेच होते. मागे वळून बघायची हिंमत नव्हती.

"व्हय म्हाराजा," मनिषा म्हणाली.

आणि मग सगळ्या. पत्रा नव्हता, तरी तसाच कंप आला, पायांतून.

मग मी म्हणाले, "ज्या कोनी लगीन मोडलान, त्याच्या दारात मांडव उभा राहू दे..." आणि दारातली पोर आठवली, आणि जोडलं, "...त्याला हवा असला तर!"

"व्हय म्हाराजा!" यात सगळ्यात मोठा आवाज ऋतिकाचा. अगदी माईकवरचा आवाज. साऱ्या बायका वळून तिच्याकडे बघायला लागल्या, आणि जनी म्हणाली, "बाय बाय! ही तर आवशीच्या वळनावर गेली!" आणि मग हसू आवरेना कोणाला. ढोल वाजला आणि पालखी उठली.

परत हॉलात येताना मनिषा बाजूने चालत होती. म्हणाली, "सीते, हात बघितलास का तुझा? परवापर्यंत कानाला लागत नव्हता." खरंच की. उजवा हात पूर्ण वर गेला होता आणि मला पत्ताच नव्हता.

मी हात पाठीमागे घेतला. वर्षभर माझ्या पोरीसाठी तिने माझ्या शिव्या खाल्ल्या. आणि आज माझा शाप उतरवायला पहिला व्हय तिचा लागला. हे मी तिला आयुष्यात माफ करणार नाही.

संक्रांतीचा लाडू डब्यात होता, दगडासारखा झालेला. खलबत्त्यात फोडून दुधात घातला आणि खाल्ला. उद्या वृक्षासनात तिच्यापेक्षा जास्त वेळ उभी राहून दाखवते.